दुःख खरे, निष्कर्ष अपुरा

नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ जून १९९४ रोजी दिलेला निकाल ‘शाबो खटला’ म्हणून ओळखला जातो. पन्नाशीतील एक माता. थोरल्या मुलाने आत्महत्या केलेली, धाकटा १९९१ मध्ये कर्करोगाने गेलेला. देह धडधाकट, पण जगण्याची इच्छा उरली नव्हती. त्याच वर्षी मनोविकारतज्ज्ञाने तिला मरणाची औषधे दिली. न्यायालयाने त्यास दोषी ठरवले. शिक्षा मात्र दिली नाही.

निकालातील एक विधान आम्हांस मान्य आहे: दुःखाचे मूळ देहात की मनात, यावरून त्याची तीव्रता ठरत नाही. मनाच्या आजाराला ‘नसते खूळ’ म्हणून झटकणाऱ्या आपल्या घरांनी हे ऐकावे.

परंतु दोष सिद्ध झाला तो दुसऱ्या तज्ज्ञाने तिला प्रत्यक्ष तपासले नव्हते म्हणून. तपासले असते, तर मरण देणे न्याय्य ठरले असते काय? सुधारणेचा वास्तव मार्ग रुग्णाने पूर्ण मोकळेपणी नाकारला असेल, तर दुःख निरुपाय म्हणता येत नाही, असेही न्यायालय म्हणते. तो मोकळेपणा मोजावा कशाने? ‘आता काही होणे नाही’ हा सूर विषण्णतेत पुष्कळदा आजाराचाच असतो. त्यावर वैद्याने शिक्कामोर्तब केले, तर रुग्णाच्या बाजूने आशा धरणारा उरतो कोण? कॅनडानेही केवळ मानसिक आजारासाठीची अशी मुभा २०२४ मध्ये मार्च २०२७ पर्यंत पुढे ढकलली, ती उगाच नव्हे.

वर्षानुवर्षे औषधे घेऊनही ज्यांना उतार पडत नाही, त्यांचे काय? आमच्याजवळ सोपे उत्तर नाही. सोबत करणे हे मरण देण्याहून कठीण व दीर्घ काम आहे, एवढेच आम्ही जाणतो.

आणि आमचे हात तरी कुठे स्वच्छ आहेत? १९१७ च्या धर्मसंहितेने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारले होते; १९८३ च्या संहितेत ते कलम राहिले नाही. गंभीर मनोविकाराने माणसाची जबाबदारी कमी होते, असे धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. तरीही अशा घरांसमोरून आपण मान खाली घालून जातो.

त्या मातेला न्यायालयापूर्वी शेजार हवा होता. आपल्या धर्मग्रामात महिन्याची मिस्सा झाल्यावर शोकाकुल घराचे दार पुन्हा कोण ठोठावतो? निकालावर टीका करण्याचा आपला अधिकार याच उत्तरावर अवलंबून आहे.