तऱ्हाळ्याचा नाणेसंचय आणि सातवाहन वंशावळ : एक चिकित्सक अवलोकन

प्रस्तावना :
प्राचीन नाणी हे राजवंशांच्या इतिहासाचे विश्वसनीय साधन मानले जाते. तथापि नाणे नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा विवेक संग्राहक व अभ्यासक या दोघांनीही बाळगणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार विदर्भातील एका नाणेसंचयाच्या आधारे केला आहे.

विवेचन :
१९३९ मध्ये तत्कालीन अकोला (आता वाशिम) जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे सुमारे १६०० सातवाहन नाणी सापडली. पोटीन या मिश्रधातूच्या या नाण्यांवर एका बाजूस हत्ती व ब्राह्मी लेख, तर दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांचे वाचन प्रसिद्ध केले. कुंभ, कर्ण व शक सातकर्णी ही पुराणांतील यादीत नसलेली नावे त्यातून पुढे आली. संचय एकत्रित तपासला गेला, हे या कार्याचे मोठे बलस्थान होय.

परंतु या नाण्यांवर राजाचे नाव असले तरी वर्ष नाही. त्यामुळे या राजांचा क्रम लावताना अनुमानाचाच आधार घ्यावा लागतो. ते मुख्य गादीवर होते की एखाद्या शाखेचे होते, हे केवळ नाण्यावरून ठरत नाही. वंशावळीच्या कोष्टकात मात्र हे अनुमान निश्चित तथ्यासारखे छापले जाते. याउलट नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये मिळालेल्या नहपानाच्या सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा उमटविला आहे. येथे वर्ष नसूनही पूर्वापर क्रम निर्विवाद आहे.

चिनी नाण्यांची तुलना येथे उद्बोधक ठरते. सोंग काळातील चौकोनी छिद्राच्या नाण्यांवर बहुधा राजवर्षनाम असते, म्हणून कालनिश्चिती सुकर होते. मात्र इ. स. ६२१ मध्ये सुरू झालेले तांग वंशाचे ‘खाययुआन थोंगपाओ’ नाणे सुमारे तीन शतके पाडले गेले. म्हणजे तेथेही केवळ लेखावर विसंबता येत नाही.

समारोप :
सुटे नाणे राजाचे नाव सांगते. त्याचे स्थान व सोबतची नाणी मात्र इतिहास सांगतात. १८७८ च्या कायद्याने दफिन्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक केले, त्यामागील अभ्यासकीय मोलही हेच. नांदुरा परिसरातील महाविद्यालयांना तऱ्हाळा शेजारच्याच जिल्ह्यात आहे. विद्यार्थ्यांनी नाण्याच्या किमतीपूर्वी त्याच्या प्राप्तिस्थानाची नोंद करावी, हा या संचयाचा खरा धडा होय.