शिकारी कुत्रा आणि साहित्यांतील चिखल

आमच्या शेजारच्या बंगल्यांत स्पॅनिअल जातीची एक कुत्री आहे. गेल्या श्रावणांत तिला साबण लावून, केस विंचरून पाहुण्यांसमोर आणावयास पांच मिनिटें उरलीं असतां ती कुंपणाखालून निसटली, आणि म्हशींच्या डबक्यांत मनसोक्त लोळून थेट दिवाणखान्यांत परतली. बाईंचा संताप मला समजतो. परंतु त्या कुत्रीच्या मुद्रेवर जें समाधान होतें, त्यानें माझ्यापुढें एक वाङ्मयीन प्रश्न उभा केला. कुत्र्यांविषयीं लिहिणाऱ्या ग्रंथकारांनीं आपल्या नायकास हें समाधान कितीसें लाभूं दिलें आहे?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. शिकारी कुत्रा हा मुळांत चिखलाचा प्राणी. कॉकर स्पॅनिअल हें नांवच 'वुडकॉक' नामक पक्ष्यावरून पडलें आहे. आणि हा पक्षी दमट रानांत, पालापाचोळ्यांत दडून बसतो. त्याला उठवावयाचें तर काट्याकुट्यांत नाक खुपसलेंच पाहिजे. कुजक्या वस्तूवर पाठ घासण्याचा छंद कशापायीं, याविषयीं मात्र पंडितांचें अद्याप एकमत नाहीं. कोणी म्हणतात, स्वतःचा वास लपविण्यासाठीं. कोणी म्हणतात, सांपडलेल्या गंधाची वर्दी कळपास देण्यासाठीं. कुत्र्याला या वादाशीं कर्तव्य नाहीं. जेथें आपण नाकाला पदर लावतों, तेथें तो थांबून वाचूं लागतो.

आपल्या जुन्या वाङ्मयांत प्राणी येतो तो बहुधा उपदेश करावयास, आणि तोहि अंग धुऊन. महाप्रस्थानिकपर्वांत युधिष्ठिराच्या मागोमाग एक कुत्रा चालतो. त्याच्यासाठीं धर्मराज स्वर्गावर पाणी सोडावयास तयार होतो, हा प्रसंग कोणाच्याहि हृदयाला भिडेल. परंतु शेवटीं तो कुत्रा साक्षात् धर्म ठरतो, आणि माझ्यासारख्या वाचकाची थोडी निराशा होते. कुत्रा कुत्राच राहिला असता, तर तो त्याग मला अधिक मोठा वाटला असता!

व्हर्जिनिया वुल्फ यांचें 'फ्लश' (१९३३) याच कसोटीवर घासून पाहण्याजोगें आहे. एलिझाबेथ बॅरेट या कवयित्रीच्या कॉकर स्पॅनिअलचें हें चरित्र. थ्री माइल क्रॉस येथें मिस मिटफर्डबरोबर शेतांतून हुंदडणारा फ्लश लंडनला विंपोल स्ट्रीटवरील आजारी बाईच्या खोलींत येतो, आणि पुस्तकहि त्याच्याबरोबर कोंडून घेतल्यासारखें होतें. येथील विनोद सुरेख आहे, पण तो कुत्र्याचा नव्हे. आरशांत पाहून आपल्या कुलीनतेची खात्री करून घेणारा हा फ्लश म्हणजे इंग्रज गृहस्थच. मग तो चोरीस जातो, आणि व्हाइटचॅपेलच्या अंधाऱ्या खोलींत भुकेला-तहानेला पडून राहतो. घाण येथेंहि आहे. परंतु ती दारिद्र्याची, माणसांनीं माणसांवर लादलेली. तिच्यांत कुत्र्याला लोळावेंसें वाटत नाहीं. हा भेद बाईंनीं अचूक ओळखला आहे, आणि त्यासाठीं मी त्यांचे पुष्कळ अपराध पोटांत घालीन. पुढें फ्लॉरेन्सला पिसवांनीं बेजार झालेल्या फ्लशचे केस ब्राउनिंग कातरतो. केसांबरोबर कुलीनतेची झूलहि गळून पडते, आणि कुत्रा एकदांचा मोकळा होतो. तो काय हुंगतो हें सांगण्याची वेळ येतांच मात्र वासाच्या बाबतींत आपली भाषा तोकडी आहे, असें बाई कबूल करतात. कबुली प्रामाणिक आहे. पण कबुली म्हणजे वर्णन नव्हे.

वर्णन पाहावयाचें तर टॉल्स्टॉयकडे जावें. 'अ‍ॅना कॅरेनिना'च्या सहाव्या भागांत लेव्हिन पहाटे एकटाच आपल्या लास्का कुत्रीला घेऊन दलदलींत स्नाइप पक्ष्यांच्या शिकारीस निघतो. मुळ्यांचा वास, पाणगवताचा वास, गाळाचा वास, त्यांत घोड्यांच्या लिदीचा परका वास—आणि या साऱ्यांतून तिला हवा असलेला तेवढा एक. ती माग काढीत असतां धनी तिला भलतीच जागा दाखवितो. तेथें कांहीं नाहीं हें तिला ठाऊक असतें; तरी केवळ त्याचें मन राखण्यासाठीं ती हुंगल्याचें सोंग करते आणि पुन्हा आपल्या जागीं येते. धनी मागून ढकलतो, तेव्हां तिला प्रश्न पडतो कीं, येथून पक्षी कळतो आहे, पुढें सरकलें तर तो कोठें आहे हेंच कळणार नाहीं! कुत्रीच्या तोंडीं मानवी वाक्य घातल्याचा आक्षेप येथेंहि घेतां येईल. परंतु हा विचार नाकांतून निघालेला आहे, आरशांतून नव्हे.

आणि 'वॉर अँड पीस' (१८६९) मधील ती सशाची शिकार! इलागिननें आपल्या यर्झा कुत्रीच्या मोबदल्यांत शेजाऱ्याला भूदासांचीं तीन कुटुंबें दिलेलीं आहेत. टॉल्स्टॉय हें जातां जातां सांगतो, आवाज न चढवितां. अंगावर कांटा येतो तो वाचकाच्या. एका कुत्रीपायीं तीन चुली हलल्या! ती यर्झा आणि रोस्तोव्हची मिल्का, दोघीहि सशाला हुकतात. पकडतो तो 'काकां'चा तांबडा रुगाय. काका सशाचा माती चिकटलेला पंजा कापून त्याच्यापुढें टाकतात. मग पाठीवर चिखलाचे शिंतोडे घेऊन रुगाय एखाद्या विजयी वीराच्या शांतपणानें धन्याच्या घोड्यामागून चालूं लागतो. आणि बऱ्याच वेळानें काका आपल्याशीं दोन शब्द बोलले, यांतच निकोलस रोस्तोव्हला धन्यता वाटते.