‘मोरिया’चे गवाक्ष

सावरकरांच्या मार्सेलच्या उडीइतकी मराठीत गाइली गेलेली उडी, हनुमंताची सोडल्यास, दुसरी नसावी. नाशकात शिकवणाऱ्या माणसाला तर ती टाळताच येत नाही. भगूर इथून चार-पाच कोसांवर. मुलांच्या निबंधांत दरवर्षी तोच खवळलेला सागर, त्याच डोंगराएवढ्या लाटा. मुलांना दोष कसा द्यावा? पोवाड्यांनी आणि भाषणांनीच त्यांना तो समुद्र दिला. चरित्रकार बंदर म्हणतात, पण ऐकतो कोण!

आणि बोट? तिचे नाव घेतले की सांगणारा मोकळा. ‘मोरिया’ ही पी. अँड ओ. कंपनीसाठी ग्लासगोच्या बार्कले कर्ल यांनी १९०८ साली बांधलेली, सुमारे अकरा हजार टनांची आगबोट. ज्या क्लाइड नदीवर १८१२ साली हेन्री बेलची इवलीशी ‘कॉमेट’ उतारू घेऊन धावू लागली, तिच्याच काठच्या कारागिरांनी शंभर वर्षांच्या आत हे तरंगते गाव उभे केले. साम्राज्याचे टपाल आणि अंमलदार असल्याच बोटींतून जात, कैदीही. तिच्या शौचकूपाचे गोल गवाक्ष वाऱ्याउजेडासाठी ठेवलेले, माणसासाठी नव्हे. सत्तावीस वर्षांचा तरुण त्यातून अंग आक्रसून बाहेर पडतो. कादंबरीकाराने रेंगाळावे ते इथे.

बोट ७ जुलै १९१० रोजी संध्याकाळी मार्सेलला लागली होती. ते निसटले दुसऱ्या सकाळी. पोहणे थोडे, धावणे थोडे. फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका हवालदाराने त्यांना धरले आणि बोटीवर परत पोचवले. हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी ही परत पाठवणी रीतसर नव्हती असे मानले, तरी कैदी फ्रान्सला परत देण्यास ब्रिटन बांधलेले नाही असा निवाडा दिला.

अंतर थोडे म्हटले की काही मंडळी रागावतात. मला उलटच वाटते. समुद्र फुगवला की पराक्रम नुसता पोहण्याचा उरतो. पट्टीचे पोहणारे रामकुंडावरही मिळतील. बोट खरी उभी करा, म्हणजे त्या भोकातून निघण्याची किंमत कळते. शोकांतिका तर पुढे कोरड्या जमिनीवर, स्वतंत्र म्हणवणाऱ्या देशात घडली; आमचे पोवाडे तिथे घाईत असतात.

९ जुलैला ‘मोरिया’ निघाली. एडनला त्यांना ‘साल्सेट’वर चढवले. तीही १९०८ चीच, क्लाइडकाठच्या ग्रिनॉकला केअर्ड यांनी बांधलेली. २२ जुलैला ती मुंबईला लागली.