'बॅटमॅन' : पोशाख आणि माणूस

टिम बर्टन यांचा 'बॅटमॅन' १९८९ साली आला. त्याच्यावरची टीका मात्र आधीच येऊन पोचली होती. मायकेल कीटन या विनोदी नटाला नायक केले म्हणून चित्रकथेच्या चाहत्यांनी वॉर्नर ब्रदर्सकडे सुमारे ५०,००० निषेधपत्रे धाडली. १९६६च्या टीव्ही मालिकेने बॅटमॅनला थट्टेचा विषय केले होते. तेच पुन्हा होणार, ही त्यांची धास्ती.

चित्रपट लागला आणि वाद दुसरीकडेच वळला. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी गॉथम नगरीचे रूप वाखाणले, पण कथेपेक्षा सजावटच वरचढ ठरली म्हणून चारपैकी दोनच तारे दिले. ऑस्करही मिळाले ते कलादिग्दर्शनालाच.

मला ईबर्ट अर्धेच पटतात. जॅक निकल्सनचा जोकर पडदा व्यापून टाकतो, पटकथा अधूनमधून लंगडते, हे खरे. पण कीटनचा ब्रूस वेन आठवा. लांबलचक मेजाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला पाहुणी. या दालनात आपण पूर्वी कधी आलोच नसू, असे तो चाचरत कबूल करतो. स्वतःच्याच वाड्यात परका असलेला हा माणूस मुखवटा का चढवतो, ते तेथे उमगते. विनोदी नटाचे ते चाचरणेच कामी आले.

रूपांतर मुळाबरहुकूम आहे का, हा प्रश्न दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्या घरांतही आधी निघतो. त्यात जीव आहे का, हे विचारायचे राहून जाते. त्यासाठी आधी कलाकृती पाहावी लागते, एवढेच.