बस्तरचे पाणी आणि बस्तरची माणसे

प्रवासवर्णन हा आपल्या दिवाळी अंकांचा हक्काचा पाहुणा आहे. त्याचे पान मांडलेले नाही असा अंक सहसा सापडत नाही. या पाहुण्याची पावले परदेशाप्रमाणे बस्तरकडेही वळतात, ही गोष्ट आनंदाचीच म्हटली पाहिजे. जुन्या बस्तर संस्थानचा हा मुलूख आपल्या गडचिरोलीला लागून आहे. तेथून येणारी इंद्रावती आपल्याच सीमेवरून वाहत जाऊन गोदावरीला मिळते. शेजाऱ्याच्या घरी जाणे चांगलेच. पण हे लेख एकापाठोपाठ एक वाचले म्हणजे मनात प्रश्न उभा राहतो : यांतून बस्तर दिसते, की बस्तरला जाऊन आलेला लेखक दिसतो?

या लेखांचा साचा आता ठरून गेला आहे. जगदलपूरला उतरायचे. तेथून सुमारे ४० किलोमीटरांवर चित्रकोट. इंद्रावती तेथे घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून सुमारे ९० फूट खाली कोसळते, आणि लेखकाला नेमका त्याच क्षणी नायगारा आठवतो. मग कांगेरचे खोरे. तीरथगडचा पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा सुमारे ३०० फुटांचा प्रपात. कोटुमसरची चुनखडीची गुहा, तिच्यातले लवणस्तंभ आणि काळोखात राहून दृष्टी गमावलेले मासे. दैव अनुकूल असेल तर पहाडी मैना. शेवटी आठवड्याचा बाजार, मोहाची दारू आणि ‘निष्पाप, हसरे आदिवासी’. माझ्या वर्गातली मुले ‘आमची सहल’ या विषयावर निबंध लिहितात, तेव्हा तेही याच क्रमाने जातात आणि ‘तो दिवस अविस्मरणीय होता’ यावर संपतात. मुलांना गुण द्यावे लागतात. मोठ्यांच्या बाबतीत तसे बंधन नाही.

या लेखनात धबधब्याला नाव असते, गुहेला असते, पक्ष्याला असते. गाडी हाकणाऱ्यालाही बहुधा असते. पण गुहेत पुढे दिवा धरून ज्याने लेखकाला आत नेले आणि सुखरूप बाहेर आणले, तो मात्र ‘आमचा वाटाड्या’ एवढाच राहतो. कादंबरी लिहिणाऱ्याला ही गोष्ट चटकन खटकते. माणूस पात्र केव्हा होतो? त्याला नाव असते, बोली असते आणि कशावर तरी त्याचा हक्क असतो, तेव्हा. यांपैकी काहीच नसेल तर तो वातावरण होतो. धुके, झाडे, तसा तोही.

बोलीचेच पाहा. ‘त्यांची भाषा अगम्य’ हे वाक्य या लेखांत हमखास येते. गोंडी आणि धुरवा या द्राविडी कुळातल्या भाषा आहेत. त्या आपल्याला कळू नयेत हे समजण्याजोगे आहे. पण बाजारात परस्परांशी बोलताना वापरली जाते ती हळबी. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात तिला जागा मिळाली ती सातव्या खंडात, १९०५ साली, आणि तो खंड मराठीचा आहे. पुढच्या अभ्यासकांनी तिचे नाते उडिया आणि छत्तीसगढीशीही जोडले, आणि तो वाद खरा आहे. तरी ‘माझा’ याला ‘मोचो’ म्हणणारी, नावापुढे ‘चो’ लावून संबंध दाखवणारी ही बोली मराठी कानाला परकी वाटावी याचे नवल वाटते. पाण्याचा घोष ऐकायला आपण तासभर उभे राहतो. माणसाचे बोलणे ऐकायला पाच मिनिटे थांबलो असतो तर आपलाच ‘चा’ आपल्याला ऐकू आला असता.

याहून गंभीर दोष दुसरा आहे. ‘मानवाचा स्पर्श न झालेले अरण्य’ असे कांगेरचे वर्णन वाचले की पेन खाली ठेवावेसे वाटते. राष्ट्रीय उद्यान ही पाटी तेथे १९८२ साली लागली. पण त्या अरण्याची गोष्ट त्याआधीची आहे. १९०५ साली इंग्रज सरकारने बस्तरचे दोन-तृतीयांश जंगल राखीव करण्याचे ठरवले. फिरती शेती, शिकार आणि जंगलातला माल गोळा करणे बंद. काही गावे आत राहू दिली ती लाकूडतोडीला आणि वणवे राखायला फुकट राबण्याच्या अटीवर. वास्तविक तेथली गावे आपापल्या सीमा ओळखून होती. दुसऱ्या गावच्या रानातले लाकूड हवे तर त्या गावाला थोडे मोल द्यावे लागे. राखणीची रीत होती, मालकीचा कागद नव्हता. १९१० साली आंब्याच्या डहाळ्या, मातीचे ढेकूळ, मिरच्या आणि बाण गावोगाव फिरले आणि बंड पेटले. त्याला भूमकाल म्हणतात. त्याची सुरुवात कांगेरच्या रानातल्या धुरवांनी केली, कारण जंगल राखण्याचा पहिला घाव तेथेच पडला होता. नेथानारचा गुंडाधूर सरकारच्या हाती लागलाच नाही. पुढे राखीव करायचे क्षेत्र जवळजवळ निम्म्यावर आणावे लागले. हे ठाऊक असलेल्याला तीरथगडच्या वाटेवरची शांतता निराळी ऐकू येते.

घोटुलाविषयी तर न बोललेले बरे. व्हेरियर एल्विनने १९४७ साली मुरियांच्या घोटुलावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात मुलामुलींनी तेथे शिकायची कामे, गाणी, खेळ आणि शिस्त यांची सविस्तर नोंद आहे. आपल्या लेखकांनी त्यातून डोळा मिचकावण्यापुरते एक वाक्य तेवढे उचलले.

हे आपल्या भाषेला साधत नाही, असे नाही. गो. नी. दांडेकरांनी ‘जैत रे जैत’मध्ये ठाकरांच्या नाग्याला नायक केले. त्याला काही हवे आहे, त्यासाठी तो झुंजतो, म्हणून तो लक्षात राहतो. रान त्याच्यामागे आपोआप उभे राहते. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’त एकच अरण्य धरले आणि तेथे थांबून पाहिले.

कोणी म्हणेल, चार दिवसांच्या प्रवाशाकडून एवढी अपेक्षा का? धबधबा पाहून हरखून जाण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे; तो मी हिरावून घेत नाही. पण चार दिवसांत नाव विचारता येते, गाव विचारता येते, आणि निघण्यापूर्वी दोन पुस्तके वाचता येतात. पुढच्या दिवाळीतही बस्तरचा लेख येईलच. त्यात प्रपाताची उंची दहा फुटांनी चुकली तरी चालेल. दिवा धरणाऱ्याचे नाव मात्र, त्याची संमती घेऊन, बरोबर लिहिलेले असावे. आणि ज्या रानातून त्याने वाट दाखवली ते रान पूर्वी कोणाच्या राखणीत होते, हेही त्याला विचारून लिहावे.