नाना फडणीसांचे आत्मवृत्त : एक पुनर्विचार

नाना फडणीसांचे (१७४२–१८००) आत्मवृत्त मुत्सद्द्याचे चरित्रसाधन म्हणून वाचण्याचा प्रघात आम्हांस सदोष वाटतो. नानांच्या कारभाराचा खरा काळ सुरू होण्यापूर्वीच हे लेखन थांबते! त्यात आहे तो मातोश्री व पत्नी यांसह तीर्थयात्रेच्या ओढीने सैन्यासमवेत उत्तरेस गेलेला, १७६१ साली पानिपताहून वेषांतर करून निसटलेला, विशीही न गाठलेला तरुण. पत्नी वाचली; मातोश्री त्या धामधुमीत कायमच्या अंतरल्या. स्वतःच्या कामवासनेची कबुलीही तो संकोच न बाळगता देतो. अठराव्या शतकातील थोर घराणी आपणांस बहुधा वंशावळींतून आणि इनामपत्रांतून भेटतात. तेथे अशा कबुलीस जागा नसते. भाषेची साक्षही हेच सांगते. फारसीमिश्रित दप्तरी मराठीत मुरलेला हा फडणीस आरंभ करतो तो वेदान्ताच्या परिभाषेत.