‘स्थायू’ आणि ‘विच्छेद्य’ : घन-अवस्था बॅटरीच्या मराठी परिभाषेची समीक्षा

मराठीत वैज्ञानिक परिभाषेची चर्चा बहुधा शब्द बोजड आहे की सुबोध, एवढ्याच अंगाने होते. शब्दातून व्यक्त होणारा अर्थ वस्तुस्थितीला धरून आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. घन-अवस्था बॅटरीविषयीचे मराठी लेखन वाचताना मात्र तो टाळता येत नाही. नेहमीच्या लिथियम-आयन बॅटरीत दोन विद्युत अग्रांच्या मध्ये सेंद्रिय द्रावकात विरघळलेला लिथियमचा क्षार असतो व हा द्रावक ज्वलनशील असतो. त्याच्या जागी घन पदार्थ वापरावयाचा, हे या संशोधनाचे सूत्र होय. या मधल्या पदार्थाला, म्हणजे इलेक्ट्रोलाइटला, मराठीत काय म्हणावयाचे आणि त्या शब्दाबरोबर विद्यार्थ्याच्या मनात कोणती कल्पना रुजते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विश्वकोशीय वळणाच्या लेखनात ‘विद्युत् विच्छेद्य’ आणि शालेय पाठ्यपुस्तकांत ‘अपघटनी’ ही रूपे आढळतात. दोन्हींचा आशय एकच : विजेमुळे ज्याचे तुकडे होतात ते. ‘सॉलिड’ या शब्दासाठी शालेय पुस्तके ‘स्थायू’ वापरतात. ‘स्था’ धातूपासून आलेला हा शब्द जागीच राहणारे काही सुचवितो. (‘घन’ शब्दाची वेगळीच अडचण आहे. बॅटरीच्या प्रकरणात ‘धन अग्र’ पानोपानी येते आणि मुद्रितशोधकाचे लक्ष थोडे ढळले की घनाचे धन होते!) आता ‘स्थायू विद्युत् विच्छेद्य’ असा जोडशब्द केला, तर जे जागीच राहते आणि विजेने तुटते ते, असा अर्थ होतो. प्रत्यक्ष पदार्थ याच्या नेमका उलट आहे. त्याच्या स्फटिकाचा सांगाडा तुटत नाही, तुटताही कामा नये. आणि त्यातील एका जातीचे आयन मात्र जागी राहत नाहीत, ते सांगाड्यातील रिकाम्या जागांमधून सरकत जातात.

शब्दातील हा दोष शिकवण्यात उतरलेला दिसतो. आयनिक संयुगे स्थायुरूपात विजेचे वहन करीत नाहीत, वितळल्यावर किंवा पाण्यात विरघळल्यावर करतात, हे विधान आपला विद्यार्थी शाळेत पाठ करतो. शिरोड्याच्या मिठागरातील मिठाचा कोरडा खडा घेतला तर नित्याच्या तापमानाला ते खरेही ठरते. परंतु सिल्व्हर आयोडाइड घ्या. ट्यूबांट आणि लोरेन्झ यांनी १९१४ मध्ये दाखवून दिले, की सुमारे १४७ अंश सेल्सिअसला याची स्फटिकरचना बदलते आणि वाहकता एकदम हजारो पटींनी वाढते. पदार्थ तेव्हा पूर्णपणे घन असतो. पुढे ५५० अंशांच्या पलीकडे तो वितळतो, तेव्हा वाहकता वाढण्याऐवजी थोडी घटते. पाठ्यपुस्तकातील नियम येथे उलटा होतो. तरीही या नियमाला अपवाद आहेत, एवढेही आपण वर्गात सांगत नाही.

मूळ इंग्रजी शब्दातही तुटणे आहेच, मग मराठीलाच दोष का, असे कोणी विचारील. फॅरेडेने हा शब्द १८३४ मध्ये रूढ केला. त्यातील ग्रीक धातूचा अर्थ सुटणे, मोकळे होणे असा आहे. त्याच फॅरेडेने सिल्व्हर सल्फाइड हा घन पदार्थ तापविल्यावर विजेचा वाहक होतो, हे १८३३ मध्येच पाहिले होते. पण इंग्रजी वाचकाच्या लेखी ती व्युत्पत्ती केव्हाच विझून गेली आहे. आपला संस्कृतोद्भव सामासिक शब्द पारदर्शक असतो. हे त्याचे सामर्थ्य खरे. परंतु अर्थ चुकीचा असेल तर ती चूकही तितकीच स्पष्टपणे मनावर ठसते.

१९६७ मध्ये फोर्ड कंपनीतील याओ आणि कमर यांनी बीटा-ॲल्युमिनातील सोडियम आयनांचे वहन प्रसिद्ध केले. २००७ मध्ये मुरुगन, थंगदुरई आणि वेप्नर यांनी गार्नेट रचनेचा लिथियम-लँथॅनम-झिर्कोनियम ऑक्साइड पुढे आणला. यांपैकी पहिली दोन नावे भारतीय आहेत. २०११ मध्ये कान्नो यांच्या गटाने जर्मेनियमयुक्त सल्फाइडात २७ अंशांना सेंटिमीटरमागे १२ मिलिसीमेन्स एवढी, द्रवाच्या तोडीची वाहकता नोंदविली. वृत्तपत्रीय लेखन बहुतेक येथेच थांबते आणि बॅटरी तयार झालीच असे सुचविते. वस्तुतः वाहकता हा प्रश्नाचा एक भाग आहे. घन पदार्थ द्रवाप्रमाणे अग्राला सर्वत्र चिकटून राहत नाही. लिथियमचे सुईसारखे फाटे कठीण गार्नेटच्याही भेगांतून वाढतात. सल्फाइडाला दमट हवा लागली की विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. आणखी एक गल्लत होते. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर, पुणे यांच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. ‘सोडियम-आयन’ म्हटल्याने भार कोण वाहतो एवढेच कळते. मधले माध्यम द्रव की घन, हे कळत नाही. मराठी लेखांत मात्र या दोन्ही गोष्टी ‘भविष्यातील बॅटरी’ या एकाच मथळ्याखाली जातात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीस्तरावरील पुस्तके मराठीत आणण्याचे प्रयत्न सुरू आहेत, म्हणून हा विचार आताच व्हावयास हवा. ‘आयनवाहक’ हा शब्द मला अधिक योग्य वाटतो. तथापि तोही पुरेसा नाही, कारण बॅटरीच्या अग्रांतूनही आयन जातात. या माध्यमाचे वैशिष्ट्य दुहेरी आहे : आयनांना वाट द्यावयाची आणि इलेक्ट्रॉनांना अडवावयाचे. ‘विद्युत् विच्छेद्य’ हा शब्द द्रवांपुरता रूढ आहे, तो तेथे राहू द्यावा. घन पदार्थासाठी मात्र ‘आयनवाहक’ योजून ही दुहेरी अट व्याख्येत स्पष्टपणे लिहावी.

कट्ट्यासारख्या ठिकाणी सल्फाइड वा गार्नेटवर काम करणे अवघड आहे. त्यासाठी आर्गॉनने भरलेली बंद पेटी लागते आणि आमच्याकडील पावसाळी हवा त्याला मुळीच मानवणार नाही. सिल्व्हर आयोडाइडचे तसे नाही. पदवीच्या प्रयोगशाळेतील सिल्व्हर नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइड यांपासून साका मिळतो. तो धुऊन, उजेडापासून जपत वाळवून, गोळीच्या रूपात दाबला आणि दोन्ही बाजूंना चांदीचे पत्रे लावून तापनपेटीत १६० अंशांपर्यंत नेला, तर मल्टिमीटरवरील रोध १४७ अंशांच्या आसपास एकदम कोसळताना विद्यार्थ्याला दिसेल. त्या वेळी गोळी वितळलेली आहे काय, हे त्यालाच पेटी उघडून पाहू द्यावे.